हत्ती आले तर घोडे अर्धे

रविवारी सकाळी साडेदहाला दादाने लढाई थांबवली. तोवर एकही सैनिक जागचा हलला नव्हता.

"उचल सगळं," तो म्हणाला.

धाकट्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आजाराने दादाची जीभ जड झाली होती आणि त्याचे शब्द ओले होऊन बाहेर यायचे. "काय म्हणालास?"

"उचल."

जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं. त्यावर निळ्या फितीची नदी होती, पुठ्ठ्याच्या टेकड्या होत्या आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक. ते सगळे धाकट्याच्या हातचे. तो कवळ्या बनवायचा. साचे, ओतकाम, बारीक कुंचला, सगळं त्याच्या रोजच्या कामातलं. दिवसा लोकांचे दात आणि सुट्टीत रोमन ढाली. सैनिक त्याचे आणि नियम दादाचे, ही वाटणी पहिल्यापासूनची.

दादा वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. त्याचा मुख्य नियम असा, की आपलं सैन्य आपण निवडायचं नाही. प्रत्येक जुन्या राज्याचा त्याने एक तक्ता केला होता. फासे टाकायचे आणि तक्ता देईल ते घ्यायचं. पायदळ किती, घोडदळ किती, सेनापती शहाणा की मठ्ठ, सगळं फाशांवर. "मनासारखं सैन्य घेऊन कोणीही जिंकेल. त्याला लढाई नाही, कवायत म्हणतात," तो म्हणायचा.

त्यामुळे कधीकधी हसू येईल असली सैन्यं निघायची. एकदा धाकट्याच्या वाट्याला मठ्ठ सेनापती आणि जवळजवळ नुसत्या रसदीच्या गाड्या आल्या. त्याने टेकडीभोवती गाड्यांचं कडं केलं आणि आत दडून दिवे लागेपर्यंत तग धरला. दादा हसून हसून लाल झाला होता. हरूनही धाकटा आठवडाभर छाती काढून फिरला.

मग दादाच्या हातून काटे-चमचे पडू लागले. पुढे हातच गेले, नंतर पाय. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि औषधाचं नाव काही सांगितलं नाही. तेव्हापासून दोघांचेही फासे धाकटाच टाकायचा, सैनिकांच्या डब्याच्या झाकणात, म्हणजे घरंगळत नाहीत. कलत्या खुर्चीतून दादाला झाकणाच्या आतलं दिसत नसे. धाकटा आकडा सांगायचा, दादा ऐकायचा.

थंडीच्या सुरुवातीला, घशात घास अडकून दादा निळा पडला होता त्या आठवड्यात, फाशांनी त्याला सगळा गाळ दिला. धाकट्याने झाकणात पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि दोनाचे पाच सांगितले. दादाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून पुढच्या रविवारी त्याची जीभ आपोआप वळली. मग सवयच लागली.

आता अन्न छातीत जाऊ लागलं होतं. पोटाला छेद देऊन नळी बसवायची, नाहीतर दादाच्या हाती फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दादा नाहीच म्हणत होता. वहिनी रडल्या, रागावल्या, अबोला धरून झाला. मग गुरुवारी तो अचानक हो म्हणाला. का, असं वहिनींनी विचारलं, तर म्हणाला, "रविवार असतो ना."

सोमवारी सकाळची वेळ ठरली. रविवारी संध्याकाळपर्यंत पक्कं कळवायचं होतं. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि पुढची जागा मिळेपर्यंत दादाचा श्वास भूल सोसण्याइतका राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

"अरे, उचलू काय? आत्ताच मांडलं," धाकटा म्हणाला. "कार्थेजचं राज्य आलंय तुला. हत्ती बघ, दोन कळप!"

"बघतोय. घोडे बघ."

धाकट्याने घोडदळाकडे पाहिलं. रांगा भरगच्च होत्या.

"हत्ती आले तर घोडे अर्धे. चारा पुरत नाही. नियम कोणाचा?"

"तुझा. विसरलो रे, कमी करतो."

"विसरला नाहीस. फाशाचा आकडा घेतला असतास, तर तो अर्धा केला असतास. तू मनाने दिलेस." दादा दम घेण्यासाठी थांबला. "कधीपासून?"

"आजच."

"छोट्या."

"थंडीपासून," धाकटा म्हणाला.

वहिनी सुपाचा वाडगा घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, खेळ तो. भाऊजींनी मायेपोटीच केलं ना?"

दादा त्यांच्याकडे न बघता बोलला. "मी दुकानात शिरलो की चोर ओळखू यायचा. मला झुकतं माप द्यायचा." पुन्हा दम. "तुम्ही मला उचलता. पुसता. भरवता. ठीक आहे. पण या टेबलावर एक माणूस मला पाडायला बसतो, असं मी धरून चाललो होतो."

"डाव तर तुझेच होते ना! नदीकाठची ती लढाई तू डोक्याने जिंकलास. मी जीव तोडून लढत होतो."

"ते आता मला कसं कळणार?"

धाकटा एकेक घोडा उचलून डब्यात ठेवू लागला.

"उद्याचं रद्द कर," दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

दुपारी स्वयंपाकघरात सूप तसंच थंड पडलं होतं. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "माझ्यासाठी जगायला तयार नव्हते ते, भाऊजी. तुमच्या फाशांसाठी तयार झाले. तेही मी गिळलं. आणि तुम्ही तेच खोटं करून ठेवलंत."

"वहिनी, मला वाटलं..."

"हो, आम्हा सगळ्यांना काही ना काही वाटतं. त्यांना काय वाटतं ते विचारायचं राहतं."

त्या बाहेर गेल्या. सैनिकांच्या डब्यातले फासे घेतले, एक ताट दादाच्या मांडीवर, त्याच्या नजरेसमोर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "मी टाकते. तुमचे हत्ती-घोडे मला मेले एकसारखे दिसतात, त्यामुळे लबाडी करायची म्हटली तरी जमायची नाही."

दादाने डोळे उघडले. हो म्हणाला नाही, पण डोळे परत मिटलेही नाहीत.

फासे ताटात खणखणले. धाकटा दूर उभा राहून तक्ता वाचत होता. पुन्हा कार्थेजच. सेनापती मठ्ठ. हत्ती नाहीत. घोडदळ नाही. मूठभर गोफणवाले. बाकी रसदीच्या गाड्या. मग वहिनींनी त्याच ताटात धाकट्यासाठी फासे टाकले, तर तिकडे भालाईतांच्या रांगाच रांगा.

"हे चांगलं की वाईट?" वहिनींनी विचारलं.

धाकट्याने हत्ती डब्यात ठेवले आणि दादाच्या बाजूच्या कडेला गाड्या आणून लावल्या.

"तुझी मांडणी आधी," तो म्हणाला.

दादा गाड्यांकडे बघत राहिला.

साडेपाचला रुग्णालयातून फोन आला. वहिनींनी थोडा वेळ मागून घेतला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, सहापर्यंत थांबते, त्यापुढे माझ्या हातात नाही.

सहाला अजून थोडा वेळ आहे. फोन वहिनींच्या मांडीवर आहे. धाकटा टेबलाच्या पलीकडे, आपल्या भालाईतांच्या मागे उभा आहे. पहिली गाडी कुठे ठेवायची, हे दादाने अजून सांगितलेलं नाही.