अम्पारोच्या कुड्या

नदी चढली की आमच्या मोम्पोस गावातल्या घरांच्या भिंती खालून ओल्या होत जातात. त्याच सुमारास एल्वियाच्या, माझ्या बायकोच्या, अंगावर जांभळे डाग उमटू लागले. न लागता, न आपटता. पोटात आमची दुसरी मुलगी होती.

"चेटकीण रक्त शोषतेय हिचं," सासूबाई म्हणाल्या. मग हळूच, "नाहीतर ती. कुड्या मागायला आलीय."

ती म्हणजे अम्पारो, आमची पहिली. डोक्यात रक्तस्राव होऊन बाळपणीच गेली. तिच्यासाठी मी सोन्याच्या तारेच्या कुड्या घडवल्या होत्या. कान टोचायचे राहूनच गेले.

डॉक्टर बुएलवास बाईंनी रक्त तपासले. एल्वियाचे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारत होते. गोळ्यांवर बाळंतपण निभावले. लूस गुलाबी जन्मली.

"आज बरी दिसतेय," बाई म्हणाल्या, "पण आईच्या रक्तातले मारेकरी हिच्यातही उतरलेत. प्लेटलेट्स अजून घसरतील. परवा तपासणीला आणा. मी सांगेपर्यंत कान टोचायचे नाहीत."

घरी सासूबाईंनी सुई उकळून ठेवली होती.

"आई, डॉक्टरबाई नको म्हणाल्यात."

"त्यांनी चेटकीण पाहिलीय कधी? शहरात रात्रभर दिवे, तिथे ती फिरकतेय कशाला! लेका, पोर बोडक्या कानांनी झोपली, तर बहीण हिला आपल्यातलीच समजून घेऊन जाईल."

मला वाद घालता येत नाही. शिवाय पाळण्याशी कुणीतरी उभे आहे, असे मलाही वाटत होते. मी कुड्या उचलल्या.

"त्या घेऊन कुठे?"

"जिच्या आहेत तिला द्यायला."

दफनभूमीच्या भिंतीत ज्या कोनाड्यात अम्पारोला ठेवून सिमेंटने बंद केले होते, त्याच्या फटीत त्या ठेवून परतलो. सासूबाई सुई धरूनच बसल्या होत्या.

"घेतल्या तिनं?"

"घेतल्या."

त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली.

तपासणीला नर्सने लूसच्या टाचेतून थेंबभर रक्त घेतले. वर दाबलेला कापूस लाल झाला, दुसराही, तिसराही. सासूबाईंनी माझी बाही घट्ट धरली.

"आणि मी कानाला..."

लूसला ठेवून घेतले, सलाईनमधून औषध दिले. प्लेटलेट्स सावकाश चढल्या.

नदी ओसरल्यावर बाईंनी कान टोचायची परवानगी दिली. मी नवी जोडी घडवली आणि अम्पारोला सांगायला गेलो. तिचा कोनाडा सावलीतला, ऊन कधीच न पोचणारा. जुन्या कुड्या फटीतच होत्या. सिमेंट गार होते. सोने मात्र कोमट लागले, कुणी आत्ताच कानातून काढून ठेवल्यासारखे.