चौथा प्रश्न

धर्मग्रामाच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, मालकीचा आजाऱ्यांचा पलंग एकच. लोखंडी, चाकांचा, पायथ्याशी दांडा. दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते आणि महिनोन्‌महिने छताकडे बघत पडलेल्या माणसाला निदान समोरची भिंत दिसते. पलंग एक आणि पाठीला जखमा झालेली माणसं दहा, म्हणून नियम करावे लागले. ते केले हेडबाईंनी.

हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पण बाईंची छडी काही सुटली नाही. आजाऱ्यांची समिती त्यांनी अकरा वर्षं चालवली, आणि चालवली म्हणजे काय, नुसती पळवली! अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, ऐकू यावी म्हणून भिंतीवर छोटे स्पीकर बसवले, ते बाईंनीच. रविवारी घरच्यांना चर्चला येता यावं म्हणून आजाऱ्याजवळ तासभर बसायला बायका पाठवायची पद्धत पाडली, तीही बाईंनीच, आणि त्यांनी काय काय करायचं त्याचा कागदही बाईंनीच लिहिला. आणि पलंगाचा नियम असा, की ज्याला हवा त्याने रविवारी मिस्सा संपता संपता, सूचनांच्या वेळी, वेदीसमोर उभं राहून सगळ्यांदेखत मागायचा आणि चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. उगाच कुणी खोटंनाटं सांगून पलंग लाटू नये म्हणून. फादर म्हणाले होते, "बाई, लोकांना लाज वाटेल हो." बाई म्हणाल्या, "गरज असली की लाज बाजूला ठेवता येते, फादर."

तीन वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी एक बाई संध्याकाळी हेडबाईंच्या दारात आली होती. घरी आई लोळागोळा होऊन पडलेली. "बाई, मला चारचौघांत बोलता येत नाही. माझी जीभ अडखळते. इथेच विचारा ना काय ते." हेडबाईंनी तिला चहा दिला आणि नियमही दिला. रविवारी ती बिचारी उभी राहिली. चौथ्या प्रश्नाला अडखळली, कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि हेडबाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही." पलंग मिळाला. तिसऱ्या दिवशी आई गेली.

आता समिती त्याच शिवणवालीकडे होती, आणि पलंग हवा होता हेडबाईंना.

त्यांचा नवरा पाठीच्या दुखण्याने पाच वर्षं घराबाहेर पडला नव्हता, आणि सात महिन्यांपासून तर पडूनच होता. छापखान्यात खिळे जुळवण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस. एकेक शिशाचं अक्षर चिमटीत धरायचं आणि ओळीत बसवायचं, एवढंच त्याला येत होतं आणि ते तो झकास करायचा. आता कमरेखाली काही हलत नव्हतं. पाठीवर दोन जखमा झाल्या होत्या, त्यातली एक तर बघवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वर-खाली होणारा पलंग आणा, नाहीतर हे विष आत जाईल.

बाई शिवणवालीच्या खोलीवर गेल्या. मशीन चालूच होतं. "अगं, तेवढं घरच्या घरी उरकून टाकू या. तुला माहीतच आहे सगळं."

शिवणवालीने पायडल थांबवलं, फडताळातून फाईल काढली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "नियम तुमचे आहेत, बाई. अक्षरही तुमचंच आहे. आणि या रविवारी बेकरीतल्या म्हाताऱ्याचाही अर्ज आहे. मांडीचं हाड मोडलंय त्याचं, घरी कुणी नाही. दोघांत ज्याला विचारणारं कुणी नाही, त्याला आधी; दोघंही तसेच असले तर ज्याच्या जखमा जास्त, त्याला. हेही तुम्हीच लिहिलंय."

कागद घेऊन बाई घरी आल्या आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसल्या. अंथरूण ओलं होतं हे सांगायची त्यांना भीती नव्हती. भीती होती चौथ्या प्रश्नाची. मुलंबाळं आहेत का, आणि असतील तर ती का करत नाहीत?

मुलगा होता ना! दूर होता, चांगला कमावता होता. चार वर्षांपूर्वी फोनवर म्हणाला, "मला तुमच्याशी काही संबंध ठेवायचा नाही. लहानपणी रोज उभं करून उत्तरं घेतलीत, तेवढी पुरे झाली." त्यानंतर नंबरच बदलला. हे बाईंनी एकट्याने गिळलं. नवऱ्याला सांगायला त्यांची जीभच रेटेना. मग त्या दर रविवारी मिस्सा संपवून घरी आल्या की चपला काढता काढता सांगायच्या, "वाटेत फोन आला होता हं त्याचा. तुमच्या पाठीचं विचारत होता." तोंडात ख्रिस्तप्रसादाची चव असताना ही थाप! नवरा म्हणायचा, "मला का नाही देत बोलायला?" "अहो, ड्युटीवरून करतो तो, दोन मिनिटं." तेवढ्यावर त्या माणसाचा आठवडा निघायचा.

मागल्या वर्षी त्याने जेवण टाकलं, तेव्हा बाईंनी एक नातही जन्माला घातली. तिला आपल्या आईचं नाव दिलं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा जेवायला लागला. नातीचे दात, नातीचं रांगणं, सगळं रविवारी यायचं. त्याने उशीखालच्या डबीतले जुने खिळे काढले, नातीचं नाव जुळवलं आणि दोऱ्याने करकचून बांधून ठेवलं. "मोठी झाली की दे तिला. आजोबांच्या हातचं आहे म्हणावं."

तर आता आलं ना लक्षात? मुलगा चौकशी करतो असं वेदीसमोर सांगितलं, तर पलंग बेकरीवाल्याला जाणार. खरं सांगितलं, तर नवरा घरी भिंतीवरच्या स्पीकरवर ऐकणार. बाईंनी तोड काढली. रविवारी निघताना त्यांनी स्पीकरची पिन उपसली. "बिघडलाय वाटतं मेला," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या अंगावर चादर ओढून बाहेर पडल्या. त्याच्याजवळ बसायला कंपाउंडरकाकू येणार होत्या. काकू कानाने जरा कमी, पण जीव लावणाऱ्या.

मिस्सेत बाईंचं लक्ष नव्हतं. सूचनांच्या वेळी शिवणवाली कागद घेऊन माइकशी उभी राहिली आणि हेडबाई वेदीसमोर गेल्या. अर्ध्या चर्चने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. असली शांतता त्यांच्या वर्गातसुद्धा कधी नव्हती. फादर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"रुग्ण स्वतः उठतो का?"

"नाही."

"अंथरूण खराब होतं का?"

"होतं. दोन्ही."

"जखमा कुठे?"

"पाठीवर. आणि खाली."

"मुलंबाळं आहेत का, आणि असतील तर ती का करत नाहीत?"

पहिल्या बाकावर बेकरीतला म्हातारा कुबड्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्याकडे बघायचं नाही, असं बाईंनी घरूनच ठरवलं होतं. त्या काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्याने बोला, बाई," शिवणवाली म्हणाली आणि माइक त्यांच्या तोंडाशी सरकवला. "मागे ऐकू जात नाही."

"एक मुलगा आहे," हेडबाई मोठ्याने म्हणाल्या. "त्याने आम्हाला टाकलंय. चार वर्षांत एक फोन नाही. कुठे असतो माहीत नाही. त्याचं लग्न झालं की नाही, तेही माहीत नाही. आम्हाला कुणी नाही."

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. शिवणवालीने कागदावर खूण केली आणि म्हणाली, "पलंग हेडबाईंना." बेकरीतल्या म्हाताऱ्याने कुबड्या गोळा केल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, लाजेचं आणि सुटकेचंही. चला, नाक कापलं गेलं ते बाहेर. घर तेवढं शाबूत राहिलं.

मिस्सा संपायच्या आतच चार गड्यांनी पलंग हातगाडीवर चढवला. बाई पुढे निघाल्या. वाटेत त्या रविवारची थापही जुळवत होत्या, नात आता पायऱ्या चढायला लागली म्हणून. गल्लीच्या वळणावर त्या थबकल्या. त्यांच्याच खिडकीतून शेवटचं गीत ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत, कंपाउंडरकाकूंच्या कानांना पुरेल एवढं.

काकू दारात हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. "पिन निघाली होती हो बाई. मी आल्या आल्या लावली. तुमच्याच कागदावर पहिलं लिहिलंय ना, आल्याबरोबर स्पीकर चालू करावा म्हणून! मला काही सगळं कळलं नाही, पण हे अगदी कान देऊन ऐकत होते."

गड्यांनी पलंग आत घेतला, म्हाताऱ्याला चादरीसकट उचलून त्यावर निजवलं आणि निघून गेले. काकूही गेल्या. नवरा भिंतीकडे तोंड करून होता. बाईंनी चपला काढल्या. दर रविवारी याच वेळी बोलायच्या त्या. आज त्यांनी चपला नीट भिंतीशी लावल्या.

"वर करू का जरा?" शेवटी त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली. बाई पायथ्याशी बसून दांडा फिरवू लागल्या. दांडा कुरकुरत होता. म्हातारा हळूहळू वर येत गेला, आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा दोघं समोरासमोर आली. त्याने उशीखाली हात घातला, दोऱ्याने बांधलेले खिळे काढले आणि तळहातावर धरले.

"अगं," तो म्हणाला, "मग मी हे नाव कुणाचं जुळवलं?"