देवमासा शिवून दे

"सिंह नको. सिंह दोन नंबरच्या पथकाच्या झेंड्यावर आहे. मला देवमासा शिवून दे," बेंत्सिल म्हणाला. "मोठा, झेंडाभर. त्याच्या पाठीवर मी उभा. आणि मागे सगळे बारके मासे, रांगेत, माझ्यामागून येणारे."

कुकुआच्या हातातली कात्री थांबली नाही. "मासे रांगेत येत नाहीत, कप्तान. शाळेतली पोरं येतात रांगेत."

"अजून झालो नाही कप्तान. मंगळवारी होईन. आणि तू रांगेतच शिव."

"बरं."

"नुसतं बरं नको. नीट ऐक. एका बाईने पथकाचा झेंडा शिवायचा, हेच पुष्कळांच्या घशाखाली उतरत नाही. केप कोस्टला संगणकावर भरतकाम करून देणारं दुकान निघालंय. चहा पिऊन होईतो झेंडा हातात. पण मी म्हटलं, नाही. कुकुआचा मान तिला मिळालाच पाहिजे."

मान! दारातून आत येताना ज्याने खाली पसरलेल्या कापडावर चपलेचा पाय दिला, तो मानाच्या गोष्टी करत होता. कुकुआने ते कापड झटकलं आणि पुन्हा कात्री चालवली.

त्या गावात मान फुकट मिळत नसे. गावातले लोक नंबरांच्या पथकांत वाटलेले; पूर्वी ही पथकं लढायची, आता आपापले झेंडे नाचवायची, आणि नव्या कप्तानाला नवा झेंडा लागायचा. तीन नंबरच्या पथकाचं सिमेंटचं रंगीत ठाणं, त्याच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक पडवी, आणि त्या पडवीत तिच्या मामाचं शिवणयंत्र. झेंड्याचं काम मामाकडून भाच्याकडे जायचं, असा रिवाज. मामाचा भाचा योफी, तिचा धाकटा भाऊ. पण योफीला सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि कुकुआला आठव्या वर्षापासून येत होता. मामाने मरताना कात्री तिच्या हातात दिली आणि योफीला झेंडा घेऊन नाचायला शिकवलं. पथकातले म्हातारे तेव्हा कुरकुरले, अजूनही कुरकुरत होते. वाकडं पाऊल पडायची वाट बघत होते. पडवी पथकाची होती. झेंड्याचं काम गेलं की पडवी गेली.

एरवी कुकुआ काय काय शिवायची! शेजारच्या दोघी सवती पाण्याच्या नळावर भांडल्या, तर तिने उशीचा अभ्रा शिवला: दोन घागरी, दोघींना तोंडं, आणि नळ मधोमध पळून चाललेला. त्या सवतींनीच तो हसत हसत विकत घेतला. केंकीवाल्या बाईने उकडलेल्या मक्याच्या गोळ्यांवरची केळीची पानं सोडून फेकली, की त्या पानांच्या मुडपलेल्या कडा बघून ती छत्रीची झालर कातरायची. गटारावर पाय पसरून झोपलेली शेळी, बंद पडलेल्या ट्रोट्रो गाडीला ढकलणारे प्रवासी, तारेवर वाळत घातलेला पाद्रीबुवाचा झगा. तिला पुस्तकात बघून चित्र काढता येत नसे. जे डोळ्यांसमोर आहे ते कागदावर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची, कातरायचं. लोक विचारत, तुला सुचतं कुठून? ती म्हणायची, डोळे फोडून घेतले नाहीत अजून, तिथून.

म्हणून देवमाशाबरोबर बारके मासे कातरायचे तर ती बाजारात गेली. मान्सा मावशीच्या पाटीवर.

मान्सा मावशी मासे धुरावर भाजून मांकेसिमच्या बाजाराला पाठवायची. डोळे कायम लाल, जीभ कायम तयार.

"काय गं, झेंडेवाली? फुकट बघायला आलीस?"

"मासे काढून घ्यायला आलेय. कागदावर."

"घे की. कागद भरेल, पोट नाही भरणार." मावशीने गोणपाट बाजूला केलं. खाली बर्फाची लादी. फरशीएवढी, आणि तिच्यात चेपून बसलेले मासे. "हे तुझ्या कप्तानाचे."

कुकुआने नखाने बर्फ उकरून एक तारली सुटी केली. तिच्या करंगळीएवढी होती. दुसरी त्याहून लहान.

"ही तर पोरं आहेत, मावशी."

"मग? पोरंच खातोय आपण. आईबाप वर जहाजात गेलेत, परदेशी."

गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. बेंत्सिलच्या होडीत जाळंच नव्हतं. ती होडी खोल समुद्रात जायची, तिथे लोखंडी ट्रॉलर, परदेशी कंपनीचं जहाज, तळापासून समुद्र खरवडत फिरायचा. त्याला नको असलेला बारका माल लाद्यांमध्ये गोठवून तो बेंत्सिलच्या होडीत उतरवायचा. आणि मग तोच माल बेंत्सिल गावातल्या बायांना विकायचा. ज्यांच्या नवऱ्यांनी तेच मासे मोठे झाल्यावर धरले असते, त्या बायांना! आपल्याच चुलीवरचं भांडं पळवायचं आणि आपल्यालाच वाढून द्यायचं, वर उपकार केल्यासारखं हसायचं. मंगळवारी समुद्राला विसावा. त्या दिवशी आजवर कुणी होडी लोटली नव्हती, दुष्काळातसुद्धा नाही. बेंत्सिलची होडी मंगळवारीही जायची. म्हणे, जाळं टाकत नाही ना, मग नियम कुठे मोडला? आणि हा माणूस पथकाचा कप्तान होणार होता, कारण बाकीच्यांच्या होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या आणि मेजवानी घालण्याइतकं घर फक्त त्याचं भरलेलं होतं.

कुकुआने त्या दोन तारल्या पानात गुंडाळून आणल्या, कागदावर ठेवल्या, भोवती पेन्सिल फिरवली. दोन्ही मिळून तिचा तळवाही भरला नसता. तिला इतका संताप आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

देवमासा तिने काळ्या कापडात कातरला. झेंडा कुठल्याही बाजूने फडकला तरी दिसला पाहिजे, म्हणून एका अंगाला जे चित्र तेच दुसऱ्या अंगाला उलटं करून लावायचं, आणि दोन्ही एकाच टाक्यात पकडायची. ही मामाची रीत, त्याच्या मामाचीही. दुसऱ्या अंगासाठी तिने कागदाचा देवमासा उलटा करून ठेवला आणि बघत राहिली.

ते जहाज होतं. फुगीर पोट, वर उचललेलं तोंड, आणि शेपटीच्या जागी जाळं ओढायची कमान. बेंत्सिलने मागितला होता देवमासा. त्याच आकारात ट्रॉलर मावत होता, एक टाकासुद्धा हलवावा लागत नव्हता.

पुढच्या बाजूला तिने देवमासा शिवला. पाठीवर बेंत्सिल, मागे मासे, रांगेत. मागच्या बाजूला तोच माणूस जहाजाच्या टोकाशी, खाली होडीत लाद्या टाकणारा. आणि मासे? मासे तेच, त्याच जागी. तेच करंगळीएवढे. फक्त तिथे ते जाळ्यात होते.

नव्या झेंड्याने दुसऱ्या पथकांची निंदा होता कामा नये, म्हणून त्यांचे म्हातारे तो आधी बघून जात. पूर्वी अशा झेंड्यांवरून डोकी फुटलेली. ते आले, मेजावर पसरलेला झेंडा त्यांनी बघितला. आमचा रंग घेतला का? नाही. आमचा सिंह कुठे लोळवलाय का? नाही. बेंत्सिल खूश होऊन मागे उभा. "माझं नाक जरा मोठं झालंय," एवढीच त्याची तक्रार. तीन नंबरचे सर्वांत वडील, सुपी ओतू, तेही झालरीवर हात फिरवून "ठीक" म्हणाले. एकानेही झेंडा पालथा केला नाही. कशाला करतील? झेंड्याची दुसरी बाजू वेगळी असू शकते, हे त्या किनाऱ्यावर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मंगळवारी सकाळी काठीला बांधायला म्हणून योफीने झेंडा उचलला, दुसरी बाजू बघितली आणि तो तसाच खाली ठेवला.

"ताई, हे काय आहे?"

"झेंडा."

"हे मी नाचवू? मी बेंत्सिलच्या होडीवर कामाला आहे, ताई!"

"होडीवर? होडीवर माणूस जाळं टाकायला जातो. तू शेवटचं जाळं कधी टाकलंस? तू हमाल आहेस, योफी. लाद्या उचलतोस. पाठीवर बघ, बर्फाने कातडी सोललीय."

"तर काय करू? उपाशी मरू? तुला काय, तू सावलीत बसून चित्रं कातरतेस."

हे तिला लागलं. लागलं म्हणून ती आणखी चिडली. "हो, कातरते. आणि आज हे नाचलं की पडवीसुद्धा जाईल माझी, ठाऊक आहे. तुला भीती वाटत असेल तर काठी ठेव. मी म्हणेन, भावाच्या पोटात दुखतंय."

योफी बराच वेळ गाठ मारत बसला. मारायचा, सोडायचा. "एकदा नाचवला की तो पथकाचा," तो पुटपुटला. "जाळता येत नाही, फाडता येत नाही. दर वर्षी बाहेर काढावाच लागतो."

"मला काय सांगतोस? मामाने दोघांनाही सांगितलंय."

"तुझ्या डोक्यात भूत आहे," योफी म्हणाला, आणि गाठ पक्की केली.

ठाण्यासमोर ढोल वाजत होते. बेंत्सिल खुर्चीवर, अंगावर एका खांद्यावरून घेतलेली नवी चादर, भोवती कोल्ड्रिंकचे खोके. योफी रिंगणात उतरला. पहिले काही फेरे त्याने झेंडा असा धरला की देवमासाच दिसावा, आणि लोक ओरडले, "वा! वा!" मग तो गुडघ्यावर बसला, काठी पायाखालून काढली, कापड पाठीवरून ओढत उभा राहिला आणि वाऱ्याकडे तोंड केलं. जहाज उघडं पडलं.

ढोल चुकले. एक वाजत राहिला, मग तोही बंद.

सगळे बेंत्सिलकडे बघत होते. पण माणूस धंद्याचा होता. क्षणात उठला आणि टाळ्या वाजवत हसला. "वा, कुकुआ! बघा, लोकहो! दोन नंबरवाल्यांकडे सिंह आहे, आपल्याकडे जहाज आहे! तुमचा कप्तान जहाजवाल्यांशी बरोबरीने बोलतो! वाजवा!"

आणि लोकांनी वाजवलं. खरंच वाजवलं! कोल्ड्रिंकच्या बाटल्या हातात, मग काय वाजवणार नाहीत? ढोल पुन्हा सुरू झाला. कुणी तरी "जहाज! जहाज!" ओरडलं. जे शिवताना तिच्या बोटांना भोकं पडली, ते त्या माणसाने चादरीसारखं अंगावर ओढून घेतलं.

झेंडा शिवणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. झेंडा बोलतो. कुकुआने तो नियम तिथेच मोडला. ती रिंगणात घुसली, भावाच्या हातातली झेंड्याची कड पकडून ताणली.

"काय वाजवताय? कशाला वाजवताय? मासे बघा! हे मासे मी मनाने नाही काढले. मान्सा मावशीच्या पाटीवरून आणले, कागदावर ठेवले आणि कातरले. एवढे! याहून एक सूत मोठे नाहीत. यांनी अजून अंडी घातली नव्हती. पुढल्या वर्षी समुद्रात काय असेल, सांगा ना? बर्फ?" ती बेंत्सिलकडे वळली. "आणि तू रे, रांगेत पाहिजे होते ना तुला? बर्फात बघ, अगदी रांगेत आहेत!"

"बाईला बाहेर काढा," बेंत्सिल म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"मला काढून बघ आधी," मान्सा मावशी गर्दीतून म्हणाली. हातातली बाटली तिने वाळूत ओतली. "मी तुझ्या लाद्या विकत घेते, बाबा, नाक मुठीत धरून घेते, कारण माझ्या नवऱ्याचं जाळं रिकामं येतं. पण त्याला टाळ्या नाही वाजवणार. लाज आहे थोडी." तिच्या शेजारच्या बाईनेही ओतली. पुरुष बाटल्यांकडे बघत बसले.

सुपी ओतू काठी टेकत उठले. म्हातारा कुणाच्याच बाजूचा वाटत नव्हता. त्याला राग दोघांचाही आलेला दिसत होता.

"झेंडा नाचला," ते म्हणाले. "आता तो पथकाचा. बेंत्सिल, तू म्हणालास जहाज तुझं. मग कप्तान व्हायचं तर रीतीप्रमाणे त्याच्याखाली उभा राहा आणि समुद्राची शपथ घे. म्हण, हे चित्र माझं, यात मी जे करतोय ते पथकासाठी करतोय."

"नाना, शपथ तर देवमाशाखाली..."

"देवमाशाखालीही घे. दोन्हीखाली घे. झेंडा एकच आहे."

योफीने काठी पुढे केली. झेंडा बेंत्सिलच्या डोक्यावर आला. समुद्राची शपथ खोटी घेतलेल्याचं काय होतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बेंत्सिलचीही होडी समुद्रातच चालायची. त्याने चादर सावरली.

"ऊन फार आहे," तो म्हणाला. "पुन्हा कधी तरी करू." आणि गेला. त्याचे खोके तिथेच राहिले. ते मात्र लोकांनी संपवले.

सुपी ओतू कुकुआकडे वळले. "तू आम्हाला एकच बाजू दाखवलीस."

"तुम्ही एकच बघितलीत, नाना. झेंडा मेजावर होता. माझे हात बांधलेले नव्हते, तुमचेही नव्हते."

"पडवी उद्या रिकामी कर."

"का? यातली एक तरी गोष्ट खोटी आहे का?"

"खोटी असती तर काम राहिलं असतं," म्हातारा म्हणाला. स्वतःच्या बोलण्याची त्याला शरम वाटली असावी, कारण तो लगेच ढोलवाल्यांवर खेकसायला लागला.

कुकुआ उद्याची वाट बघत बसली नाही. तिने त्याच दुपारी कात्र्या फडक्यात बांधल्या, कापडांचे गठ्ठे दोरीने आवळले. योफीने शिवणयंत्र डोक्यावर घेतलं. वाटेत तो म्हणाला, "मला आता होडीवर घेणार नाहीत."

"नाहीच घेणार."

"मग खायचं काय?"

"मला विचारतोस? त्या खोके संपवणाऱ्यांना विचार!" ती इतक्या जोरात ओरडली की वाटेवरच्या कोंबड्या पळाल्या. मग तिने दोघांच्या मध्ये लोंबणारा यंत्राचा पट्टा हातात धरला, तो योफीच्या डोळ्यांवर येत होता म्हणून, आणि घर येईपर्यंत शिव्या देत चालली.