ससोबा जेवला

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस उंच इमारतीच्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर बसून निवांत शीळ घालायचा. त्याला धास्ती वाटायची ती दोनच गोष्टींची : हॉलमधल्या काचेच्या टाकीत माजलेल्या शेवाळाची आणि सासूबाईंची. त्यातच सासूबाई मनगट मोडून घेऊन, डावा हात प्लास्टरमध्ये घालून, लेकीकडे राहायला आल्या.

टाकी म्हणजे त्याचा जीव की प्राण. खाऱ्या पाण्याची, जवळजवळ भिंतभर लांब, आत खडक आणि खडकांवर जांभळी-गुलाबी प्रवाळं. निदान पूर्वी ती दिसायची तरी. हल्ली सगळ्यावर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ वाढलं होतं. कामावरून आला की बाह्या सरसावून तो टूथब्रशनं खडक घासत बसायचा, आणि घासलेलं शेवाळ दोन दिवसांत पुन्हा हजर.

सासूबाईंनी जन्मभर केशकर्तनाचं दुकान चालवलेलं. टाकीसमोर उभं राहून त्यांनी एकच वाक्य टाकलं, "जावईबापू, याला कटिंगची गरज आहे हो."

बायको फिस्सकन हसली. त्याचे कान लाल झाले.

त्या रविवारी तो शोभेच्या माशांच्या दुकानात गेला आणि एक मासा घेऊन आला. पिवळाधमक, चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे, आणि ओठ असे पुढे काढलेले की आत्ता गाजर कुरतडेल. म्हणूनच त्याला ससा मासा म्हणतात. शेवाळ हेच त्याचं जेवण. "पाठीवरच्या काट्यांना तेवढं जपा, विष असतं त्यांत," दुकानदारानं बजावलं होतं. "माणूस सहसा मरत नाही, पण नाचतो."

मासा टाकीत सोडला मात्र, त्याचा रंगच उडाला. बघता बघता तो मातकट, चट्ट्याचट्ट्यांचा, जुन्या पायपुसण्यासारखा दिसायला लागला. कपारीत घुसला, काटे उभारले आणि तिथून हलेना.

"फसवलं की तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या. "एका धुण्यात रंग गेला."

"घाबरला की असा होतो तो, आई. रुळला की पिवळा होईल."

पण मासा काही रुळेना. जावई रोज काचेला नाक लावून बसायचा. टॉर्च मारून बघायचा, काडीला वाळक्या शेवाळाचा तुकडा लावून पार त्याच्या तोंडाशी न्यायचा. मासा आणखी आत सरकायचा. पोट खपाटीला गेलं होतं त्याचं. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. "आई, अजून थोडं घ्या ना," तो म्हणाला. "आवडलं नाही का? मीठ कमी झालंय का? दुसरं काही करू?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "जावईबापू, राग मानू नका. पण तुम्ही माझ्या ताटाकडे असे टक लावून बघता ना, की घास घशातच अडकतो माझा. आल्यापासून अर्धपोटी आहे मी. दुपारी तुम्ही दोघं कामावर गेलात की बिस्किटं खाते."

बायको पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून तिचं हसू ऐकू यायला लागलं.

"कुठली बिस्किटं?" त्यानं विचारलं.

"तुमचीच. वरच्या डब्यातली. संपली आता." मग त्या टाकीकडे वळल्या. "त्या बिचाऱ्याचंही तेच झालंय. जरा एकटं सोडा आम्हा दोघांना."

तो आधी ओशाळला, मग त्यालाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून टूथब्रश आणि टॉर्च कपाटात गेले. तो चहा घेऊन गॅलरीत बसायला लागला. सासूबाई मात्र हॉलमध्येच, टाकीकडे पाठ करून रेडिओ ऐकत बसायच्या, हातात छोटा आरसा. "माझं आयुष्य आरशात बघण्यात गेलंय," त्या लेकीला म्हणाल्या. "माशाला काय कळतंय मी बघतेय ते!"

एका सकाळी तो लिफ्टच्या टपावर, ग्रीसनं माखलेला असताना फोन वाजला.

"जावईबापू, खातोय! ससोबा खातोय! पिवळाजर्द झालाय, आणि नुसता कचाकचा तोडतोय!"

"खाल्लं! अहो, खाल्लं त्यानं!" तो एवढ्यानं ओरडला की शाफ्ट घुमला. खालच्या मजल्यावर ताटकळलेल्या लोकांना वाटलं लिफ्ट सुरू झाली, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर ससोबानं मागे वळून पाहिलं नाही. दिवसभर चरायचा. हिरव्या जंगलातून आधी एक गुलाबी टोक दिसलं, मग अख्खा खडक. आनंदाच्या भरात जावई पडलेलं प्रवाळ सरळ करायला गेला, काटे विसरला, आणि दचकलेल्या ससोबाचा एक काटा त्याच्या उजव्या अंगठ्यात घुसला.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. एका पायावर नाचत जावयानं हॉल, स्वयंपाकघर आणि पुन्हा हॉल असा फेरा पूर्ण केला. बायको नर्स होती. तिनं डॉक्टरांना फोन लावला, आणि तोवर सोसवेल इतक्या गरम पाण्यात त्याचा हात बुडवून ठेवला. सासूबाई शेजारी किटली घेऊन बसल्या, पाणी कोमट झालं की थोडं बदलायच्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मासा बरा आहे ना?" त्यानं कण्हत विचारलं.

"मजेत आहे. तुम्हाला टोचून पुन्हा जेवायला बसलाय."

"आई, खरं सांगू? मला तुमची फार भीती वाटायची."

"मग मला नव्हती का वाटत तुमची?" त्या म्हणाल्या. "एवढं करणारा जावई. त्याला नको म्हणायचं तरी कसं?"

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यानं डाव्या हातानं पाव धरला आणि त्यांनी उजव्या हातानं लोणी फासलं. बायकोनं फोटो काढेपर्यंत निम्मा पाव गेला होता.

सासूबाईंचं प्लास्टर निघालं, तोवर टाकी आरशासारखी झाली होती. थोरल्या लेकीचा फोन आला, "आई, आता माझ्याकडे ये की."

"येईन गं," खुर्ची काचेजवळ ओढत सासूबाई म्हणाल्या. "मागचा एक खडक राहिलाय अजून. तेवढा खाऊन होऊ दे ससोबाचा."

जावयानं मुकाट्यानं बिस्किटांचे दोन नवे पुडे आणून वरच्या डब्यात भरले.