बाथरूमची भिंत

चाळिशी उलटली तरी घरात त्याला बाळ्याच म्हणत. बाहेर मात्र तो इंजिनिअर होता, इमारतींचं गणित कॉम्प्युटरवर मांडणारा, आणि त्याचा त्याला भारी तोरा. म्हणून निवृत्त बाबांनी वरच्या खोलीत कपाटाएवढा माशांचा टँक बसवायचं काढलं, तेव्हा "स्लॅब पेलेल का?" हे विचारायला ते त्याच्याकडेच आले.

बाळ्यानं ऐटीत कॉम्प्युटरवर घराचं मॉडेल केलं. चार कोपऱ्यांत चार खांब. मधोमध, बरोबर टँकच्या जागेखाली, बाथरूमची भिंत येत होती. तीही त्यानं आधार म्हणून दाखवली. आता या सॉफ्टवेअरचा स्वभाव असा, की भिंत कशाची, किती जाड, हे सांगितलं तर ते ऐकतं. नाही सांगितलं, तर ती जन्मात खचणार नाही असं खुशाल धरून चालतं. बाळ्यानं ते रकाने रिकामेच ठेवले. लहानपणापासून तिथंच उभी असलेली भिंत, तिची काय चौकशी करायची? स्क्रीनवर सगळं हिरवंगार, म्हणजे सुरक्षित, आलं. प्रत्यक्षात ती आडोशापुरती, फरशीवर नुसती उभी केलेली बारीक भिंत होती.

टँक हे बाबांच्या रुसव्याचं फळ होतं. बाळ्याची आई गेल्यावर आत्या महिनाभर म्हणून राहायला आली आणि स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता इथंच तिचे केस पिकले. आता साठीला टेकल्यावर तिनं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका भल्या गृहस्थाशी लग्न ठरवलं होतं. "या वयात?" म्हणून बाबांनी तोंड फिरवलं आणि मासे आणले.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी टँक काठोकाठ भरला. खाली आत्या अंघोळीला गेली होती.

"बाळ्या! अरे, दार उघडत नाहीये!"

बाळ्यानं खांदा लावला. दार ढिम्म. वर पाहिलं तर चौकटीच्या कोपऱ्यातून ताजी भेग छताकडे गेलेली. स्लॅब वाकून भिंतीवर बसला होता, भिंत चौकटीवर आणि चौकट दारावर.

"तोडू या दार," बाबा म्हणाले.

"नको! आता सगळा भार त्या दारावरच आहे. टँक रिकामा करायला हवा."

बाबा बाळ्याबरोबर वर गेले खरे, पण टँकपाशी थबकले. रजिस्ट्रारचं ऑफिस दुपारी बंद व्हायचं होतं आणि घड्याळवाले नवा शर्ट घालून तिथं ताटकळत होते.

"पुढची तारीख घेतली तर?" बाबा म्हणाले. "एवढी काय घाई आहे?"

"दादा!" खालून आवाज आला. "मी दिवसभर इथं अडकले ना, तरी आजचा स्वयंपाक मी करणार नाहीये हं!"

बाळ्याला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. "चूक माझी आहे, बाबा. ती भिंत खचणारच नाही असं मी धरून चाललो."

बाबांनी बाह्या वर सारल्या. "आधी मासे काढ," ते म्हणाले.

बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी कुकरही आला. बाबा दोनदा घसरून आपटले, पण हातातलं भांडं सोडलं नाही. टँक रिकामा होत आला, तसं खाली दार करकरलं आणि आत्यानं ओढताच उघडलं.

ती बाहेर आली. डोक्यावर गिलाव्याचा चुरा. बाबांनी ओल्या हातानं तो झटकायला घेतला आणि चांगलाच माखून ठेवला.

"असू दे रे," आत्या म्हणाली. "साक्षीदार ओले चालतात का, ते बघा आता. चला दोघं."

निघता निघता सवयीनं तिनं कडी ओढून बघितली, कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेला खोचता खोचता थांबून बाबांच्या हातात ठेवली.

"कुकरमध्ये मासे आहेत, गॅस पेटवू नकोस. आणि चहाची पावडर वरच्या फळीवर, निळ्या..."

"सांगू नकोस," बाबा म्हणाले. "आम्ही शोधू."