निजेल पोराचा एक आणा

"निजी गया, अक्का. आज बी एकच आना," जमीला म्हणाली आणि नासीरला झोळीत ठेवून कापसाच्या जिनाच्या फाटकाकडे पळाली. सातचा भोंगा वाजायला लागला होता.

भिकुबाईने आणा कनवटीला लावला. झोळीत डोकावून तिने पोराच्या अंगावर फडका ओढला. नऊ महिन्यांचा नासीर हाताच्या मुठी सैल सोडून निजला होता.

जिनाच्या कुंपणाला लागून बैलांचा एक जुना गोठा होता. गाडीवाल्यांनी तो सोडला, तेव्हा भिकुबाईने शेणाने सारवून घेतला. आढ्याला जुन्या लुगड्यांच्या नऊ झोळ्या टांगल्या. सगळ्या झोळ्यांना मिळून एकच दोरी ओवली आणि तिचे टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधले. बसल्या जागी पाय हलवला की नऊच्या नऊ झोळ्या हलत. रांगती, चालती पोरे पुढ्यात गोणपाटावर असत. ती स्वतः चौदा हंगाम याच जिनात रुळाच्या तोंडाशी कापूस लावत होती. उजव्या हाताची दोन बोटे रूळ घेऊन गेला आणि कापसाची धूळ छातीत राहिली. मग मुकादमाने तिला कामावर घेणे सोडले.

पूर्वी बाया पोरांना आतच, सरकीच्या ढिगाच्या आडोशाला निजवत. दोन वर्षांमागे साहेब तपासणीला आला आणि त्याने पोरे आत न्यायला मनाई केली. आत धूळ होती हे खरेच. पण पोरे बाहेर कुठे ठेवायची, ते सांगायला साहेब थांबला नाही. धुळे गावात पोरे सांभाळणाऱ्या दुसऱ्याही बाया होत्या. त्या सकाळीच अफूची गोळी चाटवत आणि पोरे दिवसभर ओळीने पडून राहत. भिकुबाई गोळी देत नसे. म्हणून तर जमीला घराजवळची बाई सोडून पोराला पांझरा नदीपलीकडून तिच्याकडे आणी. जमीलाचा नवरा हाशम विणकर. लढाईमुळे सूत मिळेना, माग बंद पडला, आणि तो काम बघायला मालेगावला गेला होता.

यंदा दिवाळीनंतर ज्वारी अशी चढली, की भिकुबाईचे एका आण्यात भागेना. तिने दोन आणे सांगितले. बाया रडकुंडीला आल्या. रोज सात आणे, त्यातले दोन इथेच द्यायचे, तर घरी काय न्यायचे? दोन दिवस विचार करून भिकुबाईने न्यायाची वाट काढली. जे पोर जागे राहून तिला दमवील त्याचे दोन आणे, जे निजून राहील त्याचा एक. जितके काम तितके दाम. कोणालाच वाईट वाटायचे कारण नव्हते.

त्या बायांतली मंदाबाई तेव्हा फिदीफिदी हसली होती. "मंग मन्हा लोटनना तं चार आना व्हतीन वं, अक्का! तो झोपमा बी पयस!"

"त्याले दावं लावसू मी," भिकुबाई म्हणाली होती.

पण दावे लावायची वेळ आली नाही. आठ-पंधरा दिवसांत पोरे शहाणी झाली. सकाळी खांद्यावरून उतरतानाच डोळे मिटलेले असत. माघ संपता संपता लोटनसुद्धा गोणपाटावर निजू लागला. मिळकत पुन्हा पहिल्याइतकीच झाली, पण भिकुबाईच्या पाठीला आराम पडला. शेजारणीला ती म्हणाली, "मन्हा हातले गुण शे. पोरं हिळगी गयात." आणि पोरे आपल्या हाताला रुळली, असे तिला मनापासून वाटतही होते. दमलेल्या माणसाला शांतता मिळाली, की ती कुठून आली हे तो विचारायला जात नाही.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला तिने पाय हलवला आणि हलवता हलवता थांबली. पोर जागे असले की झोळीतून लाथा मारते, आणि त्या लाथा दोरीतून अंगठ्यापर्यंत येतात. कोणत्या झोळीत कोण जागे झाले, हे ती न बघता सांगत असे. आता दोरी नुसते ओझे ओढत होती. पलीकडून कोणीच काही कळवत नव्हते. असे किती दिवस चालले होते, ते तिला आठवेना.

ती उठली आणि एकेका झोळीत बघत गेली. नासीरपाशी आल्यावर तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. तिचे स्वतःचे श्वास दम्याने उथळ झालेले. ते सहा झाले तेव्हा त्याचा एक झाला. तिने पुन्हा मोजले. या खेपेला सात. तिने त्याची पापणी उचलली. गोठ्यात अंधार होता. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी, ती मोहरीच्या दाण्याएवढी बारीक होती. ओठांच्या कडा निळ्या पडल्या होत्या.

सरकीच्या ढिगामागे अशी पोरे तिने पाहिली होती. त्यातली दोन पुन्हा उठली नव्हती.

त्याला उचलून ती फाटकाशी धावली. "जमीलाले बलाव. लगेच."

"बाराना भोंगाआधी बाई सुटत नही," फाटकवाला म्हणाला.

दवाखाना नदीपलीकडे होता. गोठ्यात आणखी दहा पोरे होती, त्यांना एकटे टाकता येत नव्हते; जागी असती तर निदान ओरडली तरी असती. भिकुबाई परत फिरली. तिने नासीरच्या तोंडावर गार पाणी मारले, तळव्यांवर टिचक्या मारल्या, त्याला खांद्यावर उभा धरला आणि चालू लागली. मान कलंडली की कान पिळी. "ऊठ रे बाप. ऊठ. रड. तुले रडाना मी काही पैसा लेत नही."

बाराच्या भोंग्याला जमीला आली. तिच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसला होता. पोराकडे बघून तिला काही विचारावे लागले नाही.

"कितली गोळी दिधी?" भिकुबाईने विचारले.

"रोज एक देस. आज एकवर निजेना, मंग दुसरी दिधी." जमीला खाली बसली. "तुमीच तं सांगं ना, अक्का, निजेल पोरना एकच आना. बठ्ठ्याच देतस. मी एकलीच नही."

भिकुबाईने ऐकून घेतले. तिने पोर जमीलाच्या खांद्यावर दिले आणि म्हणाली, "चाल. थांबू नको."

दोघी आळीपाळीने चालत राहिल्या. एकचा भोंगा झाला तरी जमीला कामावर गेली नाही. सूर्य जिनाच्या धुराड्याआड गेला तेव्हा नासीरने तोंड वाकडे केले आणि मांजराच्या पिलासारखा चिरका आवाज काढला. जमीलाने त्याला छातीशी घट्ट धरले. भिकुबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि त्याचे रडणे थांबत तर नाही ना, ते ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्याच्या दारातच उभी होती. "आजपासून जागता पोरना एक आना. निजेल पोरना दोन."

"अक्का, डोकं फिरनं का तुमनं?" मंदाबाई म्हणाली. "हाई तं उलटं व्हयनं!"

"उलटं आतेपावत व्हतं."

मंदाबाईने खांद्यावरच्या लोटनकडे पाहिले आणि मान खाली घातली. दोन बायांनी आपली पोरे उचलून दुसरीकडे नेली. बाकीच्यांची हळूहळू जागी येऊ लागली. पहिले दोन-तीन दिवस ती नुसती रडत, हगत, दूध ओकत होती. भिकुबाईला जेवायला सवड मिळेना. ज्वारी काही उतरली नव्हती. संध्याकाळी भाकरी थापायचे त्राण नसले की ती पाणी पिऊन पडे.

तीन दिवस कामावर न आलेली जमीला चौथ्या दिवशी आली. नासीर खांद्यावर निजला होता. ती कोणाकडे न बघता दोन आणे पुढे करून उभी राहिली.

"तीन दिन बंद करी," ती म्हणाली. "हातपाय आवळस, अक्का. हगवण लागनी. रातभर चिरकस. मुकादम सांगस, आज नही ऊनी तं दुसरी लावसू." मग थोडे थांबून म्हणाली, "अर्धीच दिधी."

"उद्या?"

"उद्या अर्धानी अर्धी."

सातचा भोंगा वाजू लागला. भिकुबाईने एक आणा घेतला आणि दुसरा तिच्या मुठीत परत दाबला. "पय. फाटक लावतीन."

तिने नासीरला झोळीत ठेवले नाही, खांद्यावर घेतले. सहा झोळ्यांतून पोरे रडत होती. गोणपाटावर लोटन एका रांगत्या पोरीचे केस ओढत होता. भिकुबाईने अंगठ्याची दोरी सोडून कमरेला बांधली आणि गोठ्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालायला लागली. ती पुढे गेली की झोळ्या तिच्याकडे येत, मागे फिरली की दूर जात. दोरीतून कमरेला लाथा बसत होत्या. खांद्यावरचे श्वास मोजत ती चालत होती.