बल्बाखालचे नऊ दिवस

भिंगरीला कोंबडीच्या दोनशे पिल्लांबरोबर खोलीत घातलं, तेव्हा पहिल्या दिवशी तिला वाटलं, मज्जाच आहे. शाळा नाही, भांडी नाही, वर आई खिडकीच्या जाळीखालून ताट सरकवणार. राणीसाहेबच की! तिसऱ्या दिवशी राणीसाहेबांच्या केसांतून जमिनीवर अंथरलेलं तूस निघायला लागलं आणि पाचव्या दिवशी त्या पिल्लांना बीजगणित शिकवायला लागल्या.

खोली दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. मध्ये पत्र्याचं गोल रिंगण; गोल अशासाठी की कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. रिंगणावर दोरीने टांगलेला बल्ब. पिल्लं बल्बाखाली गोळा झाली की त्यांना थंडी वाजतेय, दोरी सैल सोडायची. चोची उघड्या टाकून पत्र्याला चिकटली की उकडतंय, दोरी ओढायची. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली की आपणही दोन घास खाऊन घ्यायचे. असे तीन आठवडे. खोली, मागचं परस आणि न्हाणी, एवढंच जग. फाटकाबाहेर पाऊल पडलं की माणूस रस्त्याचा झाला, आणि रस्त्याच्या माणसाला आत मज्जाव. शाळेत आईने 'मुलगी आजारी आहे' अशी चिठ्ठी दिली होती. खरं तर घरात आजार येऊ नये म्हणूनच मुलगी अडकली होती, पण हे चिठ्ठीत कसं मावणार?

हा नियम बाबांचा. गेल्या वर्षी त्यांनी बाजारातून दोन कोंबड्या स्वस्तात आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांत सोडून दिल्या. नवीन पक्षी आधी पंधरा दिवस वेगळा ठेवा, असं पशुवैद्य बाईंनी घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. बाबांचं म्हणणं, कोंबड्याच आहेत, व्याही नाहीत वेगळी खोली द्यायला. आठ दिवसांत अख्खं खुराडं रिकामं झालं. तेव्हापासून बाबा दुसऱ्यांची अंडी सायकलवरून बाजारात विकायचे, आई कोंबडीवाल्याच्या दुकानात साफसफाई करायची. म्हणजे दोघंही बाजाराचे. मग घरात स्वच्छ कोण उरलं? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाबांनी ताकाचं भांडंच कुलूपबंद केलं होतं, आत भिंगरीसकट.

सहाव्या दिवशी पत्र आलं. आईने ते जाळीला टेकवून धरलं आणि भिंगरीने तीनदा वाचलं. तिने अर्ज केलेला जनावरांच्या औषधोपचाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, संस्थेतच राहून शिकायचा. मुलाखत शनिवारी सकाळी दहाला. न येणाऱ्याची जागा दुसऱ्याला. बाबांनी अंगणातूनच निकाल दिला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय, तर पुढची पिल्लं. भिंगरीला सगळं दिसत होतं.

बुधवारी पशुवैद्य बाई पाहणीला आल्या. आता या आपल्याला सोडवणार, म्हणून भिंगरी जाळीला नाक लावून उभी राहिली. बाईंनी बाहेरूनच पिल्लं पाहिली, एकही दगावलं नाही हे ऐकून मान डोलावली आणि मुलीच्या हाताला यश आहे म्हणाल्या. बाबांची छाती वीतभर फुगली. पुढची दोनशेही हिच्याच हाताखाली, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. भिंगरीला वाटलं, पत्र्याचं रिंगण आपल्याच भोवती आवळतंय.

"बाई, माझ्याऐवजी दुसरं कुणी आत आलं तर?" तिने विचारलं.

चालेल की, बाई म्हणाल्या. दोन दिवस बाजार आणि कोंबडीचं दुकान बंद, डोक्यावरून आंघोळ, धुतलेले कपडे, खोलीतली वेगळी चप्पल, उंबऱ्यावरच्या चुन्यात पाय. मग कुणीही येऊ दे. एवढं सांगून त्या गेल्या. आईला दुकानातून एक दिवसही सुट्टी मिळत नव्हती. राहिले बाबा.

"बाबा, दोन दिवस सायकल नका काढू."

"कुणीही म्हणाल्या त्या. मी नाही." बाबा सायकलची घंटी उगीच पुसत राहिले. "माझा पायगुण पाहिलास ना गेल्या वर्षी."

"पायगुण कसला, बाबा? त्या कोंबड्या आजारी होत्या. तुम्ही त्यांना वेगळं ठेवलं नाहीत."

वर्षभरात हे त्या घरात कुणी तोंडातून काढलं नव्हतं. बाबा सायकल ढकलत निघून गेले. आता मेलेच, भिंगरीला वाटलं.

पण गुरुवारी सायकल भिंतीला टेकलेली होती. शुक्रवारीही. शुक्रवारी दुपारी बाबा जाळीपाशी येऊन उभे राहिले आणि पहिलीतल्या पोरासारखे विचारायला लागले, दोरी किती ओढायची, पाणी कधी बदलायचं. चार बोटं ओढायची, भिंगरीने सांगितलं, आणि थांबायचं. पिल्लांना हलायला वेळ द्यायचा, आपल्यासारखी घाई नाही करायची. आपण आपल्या बापाला दटावतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

शनिवारी बाबा न्हाऊन आले ते लग्नातला सदरा घालून. बाकीच्या कपड्यांना धुऊनही बाजाराचा वास येतो असा त्यांना संशय होता. चुन्यात पाय ठेवून ते उंबऱ्यावर उभे राहिले, आणि तिथेच रुतले. भिंगरी बाहेर परसात आली. खोलीत कुणी नाही, नुसता चिवचिवाट. शेवटी बाबांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा.

तिने पटापट कपडे बदलले, पत्र घेतलं, फाटकाची कडी धरली. तेवढ्यात आतून हाक आली.

"भिंगे, सगळी पत्र्याला चिकटलीत गं."

आत जाऊन दोरी ओढायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण ती गेली असती तर बाबा बाहेर आले असते, आणि बाहेर आलेले बाबा पुन्हा आत गेले नसते. हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं, तरी पाय मागेच वळत होते.

"चोची उघड्या टाकल्यात. ये ना जरा."

"म्हणजे काय झालंय त्यांना, बाबा?"

मग बारीक आवाजात, "उकडतंय."

"मग काय करायचं?"

कोपऱ्यावर बस वळली. भिंगरीने उत्तराची वाट पाहिली नाही. फाटक उघडून ती धावत सुटली. बसच्या पायरीवर मागून काही ऐकू येतंय का म्हणून ती क्षणभर थांबली, पण इंजिनाच्या घरघरीत काही कळेना. कुठे जायचं, कंडक्टरने विचारलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने हातातलं पत्रच त्याच्यापुढे धरलं.